आजीची भाषा आणि तज्ज्ञांचा सल्ला

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेसाठी संयोजकांनी मला निजामी राजवटीतील मराठी हा विषय सुचविला होता. त्यावर बोलण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी या सभागृहातच बसलेली आहेत; म्हणून तो मी नम्रपणे बाजूला ठेवला. ज्या बालकांची वाढ इतरांहून वेगळ्या गतीने होते, त्यांच्या पहिल्या पाच-सहा वर्षांच्या शिक्षणात घरची माणसे आणि तज्ज्ञ यांनी हातात हात घालून काम कसे करावे, याविषयी मला बोलावयाचे आहे. मी मराठीचा अध्यापक. वैद्यकात किंवा बालमानसशास्त्रात माझा अधिकार शून्य. परंतु या विषयात भाषेचा प्रश्न असा काही आडवा आला, आणि त्यात माझ्या हातून अशी चूक घडली, की गप्प बसणे मला शक्य नाही.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या अक्काच्या नातवाला डाउन सिंड्रोम आहे. शरीरातील पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनांऐवजी तीन प्रती असल्या म्हणजे ही स्थिती उद्भवते. स्नायू सैल असतात, चालणे-बोलणे उशिरा येते. मुलाला बोलता येते त्याहून बरेच अधिक समजत असते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

अक्काचे घर काचीगुड्यात. आईबाप नोकरीवर गेले की दिवसभर मूल तिच्याजवळ. तिची मराठी तीन पिढ्यांच्या हैदराबादेतील वास्तव्याने दखनीत चांगली मुरलेली आहे. कामवाल्या बाई तेलुगू बोलत, गल्लीत दखनी. मुलगा दोन वर्षांचा होऊनही बोलेना, तेव्हा एका तज्ज्ञाने सल्ला दिला : याला एकच भाषा झेपेल, पुढे शाळा इंग्रजी असणार, तेव्हा घरात सर्वांनी इंग्रजीच बोलावे. भाचीने मला विचारले, "मामा, तुम्ही सांगा, काय करू?" मी म्हणालो, "तज्ज्ञ सांगतात ते ऐकावे." अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवून पगार घेणाऱ्या माणसाचे हे उत्तर!

अक्काला इंग्रजी येत नाही. ती नातवाला मांडीवर घेई, भरवी, थोपटी. पण तोंड मिटून. दारातला कावळा दाखवावयाचा तर नुसते बोट करी. बोटांची गाणी थांबली, दुपारची गोष्ट थांबली. आठ महिने एक सत्तर वर्षांची बाई स्वतःच्या घरात मुकी झाली, आणि आम्ही त्याला उपचार म्हणत होतो.

तो सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. डोक्यावरचा भार कमी केला की मूल लवकर चालेल, हा तर्क वरवर पटण्यासारखाच आहे. परंतु तो अनुभवास उतरत नाही. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भाषांत वाढणाऱ्या डाउन सिंड्रोमच्या मुलांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा ऐकणाऱ्या तशाच मुलांच्या मानाने ही मुले इंग्रजीत मागे पडलेली त्यांना आढळली नाहीत. शिवाय दुसरी भाषाही त्यांच्या पदरात पडली होती. मुलांची संख्या लहान होती हे खरे. परंतु पुढील अभ्यासांचा कौलही बव्हंशी तसाच आहे.

मला हा अभ्यास फार उशिरा वाचावयास मिळाला. आमच्या घरी बदल घडला तो एका विशेष शिक्षिकेमुळे. पहिल्या दिवशी बाईंनी काहीच शिकविले नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि अक्काला विचारू लागल्या : हा केव्हा हसतो? काय मागतो, कसे मागतो? कुणाच्या हाकेला वळतो? अक्का आधी संकोचली. मग म्हणाली, "समोरून बोललं की सगळं कळतं त्याला. पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. सर्दी असली की मुळीच नाही." बाईंनी लगेच कानाच्या डॉक्टरांकडे पाठविले. तपासणीत कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले निघाले. या मुलांत ते वारंवार आढळते. त्यावर इलाज झाला. इतके दिवस ही गोष्ट अक्काला ठाऊक होती, पण तिला कुणी विचारलेच नव्हते! दवाखान्यात ती नेहमी बाहेरच्या बाकावर डबा सांभाळीत बसे. बाईंचा दुसरा आदेश असा की, आजीने पूर्वीसारखेच मराठीत बोलावे, हातवारे करून बोलावे.

घराला शिक्षणाचे केंद्र मानण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी १९६९ साली असा उपक्रम सुरू झाला. विखुरलेल्या खेड्यांतील मुलांना रोज केंद्रावर आणणे अशक्य, म्हणून शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जाई आणि आईबापांना मुलाला शिकविण्याची रीत दाखवी. पुढे १९८६च्या कायद्याने तेथे तीन वर्षांखालील मुलासाठी आखावयाच्या योजनेत सबंध कुटुंबाचा विचार सक्तीचा झाला. आपल्याकडे, आपल्या शेजारी सिकंदराबादेतच, बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. २०१३च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे यांची तरतूद झाली. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदले गेले. कागद पुष्कळ आहेत. पण अर्ध्या तासाची भेट आठवड्यातून दोनदा, म्हणजे तज्ज्ञाच्या वाट्याला एक तास. मूल जागे असते ते आठवड्याचे ऐंशीएक तास. उरलेले तास ज्यांच्याजवळ जातात त्यांना वगळून आखलेली योजना कशी चालावी?

यात एक धोकाही आहे. घरचा सहभाग म्हटले की सारे ओझे आईच्या डोक्यावर टाकण्याची आपली जुनी खोड! दहा प्रकारचे व्यायाम कागदावर लिहून दिले की तज्ज्ञ मोकळे, बाप कचेरीत, आणि आई रात्री अकरा वाजता अपराधी चेहऱ्याने बसलेली. भाचीला मी असे पाहिले आहे. त्या शिक्षिकेने व्यायाम वेगळा दिलाच नाही. आंघोळीच्या वेळी अवयवांची नावे, ताट वाढताना 'दे' आणि 'घे', एवढेच. घराचेही दोष आहेत. आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले, असे म्हणून कानांची तपासणी आम्हीच वर्षभर लांबविली होती. तज्ज्ञाला खरे सांगावयाचे नाही आणि त्याने अचूक सांगावे अशी अपेक्षा मात्र करावयाची!

आता मुलाबरोबर एक वही फिरते. शंभर पानी, साधी. त्यात डॉक्टर इंग्रजीत लिहितात, अंगणवाडीच्या बाई तेलुगूत, भाची आणि अक्का मराठीत. जो वाचील त्याला दुसऱ्याकडून अर्थ विचारून घ्यावा लागतो. त्या निमित्ताने ही माणसे प्रथमच एकमेकांशी बोलू लागली. आपल्या ग्रंथालयातील काही आजी-आजोबांच्या घरीही अशी नातवंडे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावे. वही आज मी बरोबर आणली आहे. गेल्या मंगळवारची नोंद अक्काच्या हातची आहे : "दुपारी कावळा आला. मी काही बोलायच्या आधी हाच 'काऊ' म्हणाला. दोनदा."