वॅटवर जाऊ नका



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा लाउडस्पीकर जन्मालाही आला नव्हता. वक्त्यानं छाती भरून बोलायचं, श्रोत्यानं कान द्यायचा. आज माझ्यासमोर माइक आहे आणि तो नीट चालतोय, म्हणून तुमच्यापैकी कुणाचं त्याच्याकडे लक्षही नाही. आपल्या वाद्यवृंदालाही अशीच व्यवस्था हवी आहे.

आपलं हे होसकोटे एकेकाळी शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत होतं. आता इथं कारखान्यांच्या निमित्तानं मराठी घरं आली, आणि घरं आली की गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम आलाच. गायिका, पेटी, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. ऐकणारे शे-दीडशे. मग वर्गणी काढून साउंड घ्यायचं ठरतं, आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘किती वॅटचा?’

तो प्रश्न सोडून द्या. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबल वाढतो. स्पीकरच्या कागदावर ‘संवेदनशीलता’ लिहिलेली असते, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज येतो ते. तो आकडा बघा. ९७ डेसिबलचा स्पीकर १०० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढा ९० डेसिबलचा ४०० वॅटवरही वाजत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १ मीटरपासून १६ मीटरपर्यंत पोचता पोचता २४ गेले. म्हणून पुढच्यांचे कान फोडण्यापेक्षा स्पीकर स्टँडवर चढवून बसलेल्यांच्या डोक्यावरून मागच्या रांगेकडे रोखावा.

आता खरी अडचण सांगतो. ती पेटीची आहे. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वायरनं थेट मिक्सरमध्ये जातात, त्यांचा काही त्रास नाही. पेटीला माइक लावावा लागतो. तिचा आवाज मुळात मवाळ, म्हणून तो माइक जास्त उघडावा लागतो; मग शेजारचा तबला त्यात शिरतो, मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, तोही शिरतो, आणि शिट्टी वाजते. परदेशी माहितीपुस्तकांत कलाकार उभे असतात, आपले सतरंजीवर मांडी घालून बसतात. माइक खाली, मॉनिटरही खाली, सगळं एकमेकांच्या अंगावर. तेव्हा व्यवस्था निवडताना सर्वांत हळू वाजणाऱ्या वाद्यापासून सुरुवात करा. मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा हवा, म्हणजे पेटीला कंडेन्सर माइक लावता येईल. मॉनिटरसाठी वेगळी ‘ऑक्स’ वाट हवी, म्हणजे गायिकेला पेटी वाढवून दिली तरी सभागृहात ती वाढणार नाही. माइक निम्म्या अंतरावर आणला की ६ डेसिबल फुकट मिळतात. ‘एको’ मात्र कमी ठेवा. आपल्याकडे तो मसाल्यासारखा ओततात आणि शब्द बुडतात.

हल्ली खांबासारखे उभे स्पीकर निघालेत, खाली छोटा सबवूफर. गाडीच्या डिकीत मावतात, लांबच्यालाही बरे ऐकू येतात. दुकानदार सांगेल की ते कलाकारांच्या मागेच ठेवा, मॉनिटर लागणार नाही. गिटार-कीबोर्डवाल्यांना ते जमतं. पेटीच्या उघड्या माइकमागे ठेवलात तर पुन्हा शिट्टी. ते माइकच्या पुढेच ठेवा.

कायद्याचंही भान असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ती ४५ वर येते. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेच्या १० डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे लॉनवर कार्यक्रम असला तर पंधरा इंची स्पीकरची जोडी घेऊन करणार काय? दोन माणसांनी उचलायची आणि दबून वाजवायची. भावगीतांना दहा-बारा इंची पुरते.

शेवटी, दुकानात त्यांनी लावलेल्या गाण्यावर जाऊ नका. ते गाणं कुठल्याही डब्यावर छान वाजतं. आपली पेटी आणि आपली गायिका घेऊन जा. दुकानदार तयार नसेल तर तोच सेट एका कार्यक्रमापुरता भाड्यानं आणा, क्लबहाउसमध्ये लावा आणि पेटीचा माइक शिट्टी येईपर्यंत उघडून बघा. मग पैसे मोजा.