सेल्फ का लागत नाही?



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होतात, तेथे उभे राहून मोटारीच्या सेल्फविषयी बोलणे म्हणजे देवळात पान्हा घेऊन शिरण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पण चिटणीसांनी आग्रह केला, आणि मला एक जुने देणेही फेडायचे आहे. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रात्री माझ्या आईच्या छातीत कळ आली. गाडी दाराशीच होती. दिवे लावले, ते लख्ख लागले. किल्ली फिरवली, तो आतून एकच 'टक्' असा आवाज आला आणि पुढे काही नाही. मी वेड्यासारखा किल्ली पिळत राहिलो. अखेर शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. आई वेळेवर पोचली आणि बरी झाली. गाडी मात्र गॅरेजात गेली. तेथे प्रथम बॅटरी बदलली. आठ दिवसांनी तेच! मग सेल्फ बदलला. पुन्हा तेच! शेवटी एका वृद्ध मिस्त्रींनी दहा मिनिटांत दोष दाखवला. तो कोणता, ते ओघाने येईलच. गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही. त्यांनी वस्तू बदलल्या, निदान केले नाही, हे खरे. पण मीही 'गाडी सुरू होत नाही' यापलीकडे त्यांना काय सांगितले होते?

'सुरू होत नाही' या तीन शब्दांत दोन निरनिराळे रोग दडलेले असतात. सेल्फ घरघरतो, इंजिन फिरते, पण पेट घेत नाही, हा एक. तेथे पेट्रोल आणि ठिणगी यांचा विचार करावा. किल्ली फिरवूनही इंजिन मुळी फिरतच नाही, हा दुसरा. आज आपला विषय हा दुसरा.

पूर्वी इंजिन माणसाने फिरवायचे. जुन्या अँबॅसडर गाडीचे हँडल मारताना पाहिलेले लोक या सभेत असतील. हँडल उलटे फिरून मनगटे मोडत. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला आणि हे काम बॅटरीने पत्करले. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फदेखील शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह किल्लीतून नेता येत नाही. म्हणून येथे दोन मार्ग केलेले असतात. किल्लीतून जातो तो आज्ञेचा मार्ग: बारीक तार, थोडा प्रवाह. तो सोलेनॉइड नावाच्या विद्युत्‌चुंबकाला जागे करतो. सोलेनॉइड सेल्फचे दाते इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकवतो आणि दुसरा, शक्तीचा मार्ग जोडून देतो. हा मार्ग जाड केबलीने बॅटरीपासून सेल्फपर्यंत जातो आणि इंजिनाच्या लोखंडातून, अर्थिंगच्या पट्टीतून बॅटरीकडे परत येतो. परतीची ही वाट आपण नेहमी विसरतो.

तेव्हा निदान म्हणजे एवढेच, की आज्ञा अडली की शक्ती अडली, ते ओळखणे. त्याला हत्यार लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, समोरचे दिवे लावा आणि दिव्यांकडे पाहत किल्ली फिरवा.

दिवे लागतच नाहीत, किंवा किल्ली फिरवताच विझतात: बॅटरी पार उतरली आहे, नाहीतर तिचे टर्मिनल सुटले आहे.

दिवे मंद होतात आणि 'टकटकटक' असा आवाज येतो: सोलेनॉइड जोडतो, सेल्फ प्रवाह मागतो, व्होल्ट कोसळतात, सोलेनॉइड सुटतो, व्होल्ट सावरतात, तो पुन्हा जोडतो. बॅटरी अशक्त आहे, किंवा तिच्या टर्मिनलांवर बुरशी चढली आहे.

दिवे तसेच राहतात आणि आवाजही नाही: आज्ञाच पोचत नाही. फ्यूज, रिले, किल्लीचा स्वीच, क्लचखालचा स्वीच पाहावा. क्लच पूर्ण दाबल्याखेरीज कित्येक नव्या गाड्या आज्ञा मानत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीला पार्क किंवा न्यूट्रल लागते.

दिवे तसेच राहतात आणि एकच 'टक्': आज्ञा पोचली, शक्ती पोचली नाही. सोलेनॉइडचे संपर्क, सेल्फचे कार्बन, जाड केबल किंवा अर्थिंग.

त्या रात्री माझे दिवे मंद झाले नव्हते. म्हणजे बॅटरी निर्दोष असल्याची साक्ष माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी ती कोणाला सांगितली नाही!

याउलट, 'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक' हा निष्कर्षही फसवा आहे. बुरशीमुळे टर्मिनलवर ओहमच्या केवळ पाच शतांशाइतका अडथळा झाला, असे समजा. दोन दिव्यांना सुमारे दहा अँपिअर लागतात. म्हणजे तेथे अर्धाच व्होल्ट बुडतो आणि दिवे छान दिसतात. सेल्फने दीडशे अँपिअर मागितले, की तोच अडथळा साडेसात व्होल्ट मागतो. बारातून साडेसात गेल्यावर सेल्फच्या पदरात काय पडणार? म्हणून किल्ली फिरवतानाच दिवे पाहायचे.

ज्यांच्याजवळ मीटर आहे, त्यांच्यासाठी आणखी थोडे. विसावलेली भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 ला ती निम्मी रिकामी असते. किल्ली फिरवताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. माझ्या मिस्त्रींनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडावर ठेवून मला किल्ली फिरवायला सांगितले. तेथे दोन-तीन दशांश व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले नऊ! अर्थिंगची पट्टी गंजली होती. पॉलिशपेपरने घासून ती आवळली. दोन नव्या वस्तूंची किंमत मी आधीच मोजून बसलो होतो.

आता सावधगिरीच्या गोष्टी. टर्मिनल साफ करताना ऋण तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना प्रथम धन टर्मिनलला धन; शेवटचे टोक मात्र बंद गाडीच्या ऋण टर्मिनलला न लावता, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी त्याला पुरते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. आणि सेल्फवर स्क्रूड्रायव्हर टेकवून इंजिन फिरवण्याचा प्रयोग कोणी करू नये. गाडी गियरमध्ये असली, तर ती समोरच्या माणसावर चालून जाते.

आपणा सर्वांनी मिस्त्री व्हावे, असे मी म्हणत नाही. वैद्याकडे जाताना रोगी 'बरे वाटत नाही' एवढेच म्हणत नाही. कोठे दुखते, केव्हा दुखते, ते सांगतो. तसेच गॅरेजात जाऊन म्हणा: "किल्ली फिरवल्यावर एकच टक् होते, दिवे मंद होत नाहीत." एवढे वाक्य ऐकल्यावर चांगला कारागीर तुमची बॅटरी बदलायला धावणार नाही. आणि घाईच्या रात्री काय बिघडले ते पहिल्या मिनिटात कळले, तर किल्ली पिळण्यात वेळ न दवडता शेजाऱ्याचे दार तरी वेळेवर ठोठावता येईल.