घरी येणाऱ्या शिक्षकाचे तास

दीर्घ आजाराने घरी किंवा रुग्णालयात अडकून पडलेल्या मुलाला शिकवायचे कुणी, या प्रश्नाला अमेरिकेत निदान कागदावर तरी उत्तर आहे. ते काम त्याच्या शाळा-जिल्ह्याचे. हा जिल्हा म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. शाळा चालवणारी, स्वतःचे मंडळ असलेली आणि बहुतेक ठिकाणी अंशतः मालमत्ता कराच्या उत्पन्नावर उभी असलेली ती स्थानिक संस्था. डॉक्टरांचा दाखला मंजूर झाला की तिने शिक्षक घरी पाठवायचा. पण शिक्षक येतो म्हणजे किती येतो? या धोरणाची खरी परीक्षा आठवड्याच्या तासांवर होते, असे मला आज मांडायचे आहे.

हा हक्क सहज मिळालेला नाही. 1972 साली पेनसिल्व्हेनियात आणि वॉशिंग्टन शहरात दोन खटले गाजले. अपंगत्वाकडे बोट दाखवून मुलाला शिक्षणाबाहेर ठेवता येणार नाही, हा दंडक त्यांतून पडला. वॉशिंग्टनच्या खटल्यात शाळा मंडळाने पैसे नसल्याची सबब पुढे केली. न्यायालयाने बजावले, की पैसा अपुरा असेल तर आहे तो न्यायाने वाटा. तुटीचा सगळा भार याच मुलांवर टाकू नका. पुढे 1975 मध्ये संघराज्याचा कायदा झाला. दहा लाख अपंग मुले सार्वजनिक शाळांतून पूर्णपणे वगळली गेली आहेत, अशी कबुली त्या कायद्यातच आहे. मात्र हाड मोडून किंवा केमोथेरपीमुळे काही महिने घरी राहणाऱ्या मुलाला किती तास शिकवायचे, हे बहुतांशी राज्यांवर सोपवले गेले. गफलत झाली ती इथे.

टेक्सासचेच पाहा. तिथे किमान चार आठवडे घरी राहावे लागणार असा वैद्यकीय दाखला लागतो. जुनाट दुखणे असेल तर हे आठवडे सलग नसले तरी चालतात. शिक्षकाने कोणत्या दिवशी, किती वाजता शिकवले याची नोंद ठेवायची. इथवर सगळे चोख. पण पाच दिवसांच्या आठवड्यात चार तास शिकवले, की त्या मुलाची पाचही दिवसांची हजेरी लागते, आणि राज्याचा निधी हजेरीवर ठरतो. कॅलिफोर्नियात शिकवणीचा एक तास म्हणजे एका दिवसाची हजेरी. टेक्सासचे चार तास पाच विषयांत वाटले तर एका विषयाच्या वाट्याला आठवड्याला 48 मिनिटे येतात. तेवढ्यात शिक्षकाने बीजगणित शिकवावे, गृहपाठ तपासावा आणि पुढचे नेमूनही द्यावे! पूर्ण निधीसाठी एवढे पुरत असेल, तर जिल्हा पाचव्या तासाचा खर्च कशाला करील?

यावर पहिला आक्षेप असा, की आजारी मुलाला जास्त झेपत नाही आणि एकट्याला शिकवलेला तास वर्गातल्या तासाहून भारी असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ज्याला झेपत नाही त्याच्यापुरते तास डॉक्टरांच्या शब्दावर कमी करता येतील. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या पण डोके टवटवीत असलेल्या मुलालाही त्याच मापात कशाला बसवायचे? न्यूयॉर्क राज्याने जुलै 2023 पासून प्राथमिकचे किमान तास आठवड्याला पाचावरून दहा आणि माध्यमिकचे दहावरून पंधरा केले. म्हणजे एकास एक शिकवणीचे महत्त्व मान्य करूनही तास वाढवता येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरचे शिक्षण चांगले केले, तर शाळा नकोशा मुलांना घरीच धाडतील, ही भीती. ती निराधार नाही. वर्गात त्रास देणाऱ्या अपंग मुलाला काहीतरी निमित्त काढून घरी बसवणे तिथल्या शाळांना नवीन नाही. मला मात्र हा हिशेब उलटा वाटतो. चार तासांत सुटका होते म्हणून घरी बसवणे स्वस्त पडते. पंधरा तासांचा शिक्षक द्यावा लागला, तर मुलाला वर्गातच सांभाळणे जिल्ह्याला परवडेल. संघराज्याच्या नियमांतही शिक्षणाच्या जागांच्या यादीत साधा वर्ग पहिला आहे आणि घर-रुग्णालय अगदी शेवटी. शिक्षक मिळत नाहीत, ही अडचण उरतेच; पण शाळा सुटल्यावर थकलेल्या शिक्षकाला तासावारी पैसे देऊन पाठवायचे, ही तिथली सर्रास रीत चालू असेतोवर ती सुटणारही नाही. शिक्षकाची उणीव पडद्यावरच्या शिक्षणाने भरून काढावी असे कुणी म्हणेल; पण ते पुरवणी म्हणून ठीक.

आता आपल्याकडे वळू. शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक त्यांच्या घरी जातातही. कर्करोगावर उपचार घेणारे मूल मात्र या व्याख्येत आपोआप बसत नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी पाचवीपर्यंत वर्षाला 800 आणि सहावी ते आठवी 1000 अध्यापन तास नेमून दिले आहेत. घरच्या शिक्षणाच्या तरतुदीपुढे एकही आकडा नाही. आपल्या तालुक्यातल्या घरी राहून शिकणाऱ्या मुलाकडे आठवड्याला किती तास शिक्षक जातो, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा.