ग्रंथकाराच्या दारीं वाचक

पुस्तक मिटल्यानंतर तें लिहिणाऱ्या माणसाला एकदां डोळ्यांनीं पाहावें, त्याच्याशीं चार शब्द बोलावे, ही इच्छा वाचनाइतकीच जुनी असावी. साहित्य-संमेलनाच्या मंडपांत अध्यक्षांचें भाषण चालूं असतां जेवढा उत्साह दिसत नाहीं, तेवढा कित्येकदां तें संपल्यावर दारापाशीं दिसतो, याचें कारण हेंच. कोणाच्या हातांत सहीची वही असते. कोणी घरून निघतांनाच दोन सुंदर वाक्यें जुळवून आणलेलीं असतात. प्रत्यक्ष ग्रंथकार समोर आला म्हणजे वही पुढें होते, वाक्यें मात्र घशांतच राहतात.

या इच्छेच्या पोटीं एक भीतीही असते. ज्या माणसानें छापील पानांतून इतक्या जिव्हाळ्यानें आपलें हृद्गत सांगितलें, तो समोरासमोर रुक्ष, गर्विष्ठ, किंवा नुसताच थकलेला निघाला तर? मग माणूस तर हातीं लागत नाहींच, पण पुस्तकही हातचें जातें. म्हणूनच ग्रंथकाराला दुरून नमस्कार करावा असें शहाणीं माणसें सांगत आलीं आहेत. तो उपदेश फारसा कोणीं मानलेला नाहीं, आणि न मानणाऱ्यांपैकीं कांहींनीं आपल्यावर काय प्रसंग आला तें लिहून ठेवलें आहे. हे वाचक पुढें स्वतःच ग्रंथकार झाले, म्हणून त्यांच्या हकीकती टिकल्या. इतर हजारोंच्या त्यांच्याबरोबरच गेल्या.

जर्मनींतील वायमार गांवीं गटेचें घर म्हणजे त्या काळीं युरोपांतील वाचकांचें एक क्षेत्रच होतें. १८२४ सालच्या ऑक्टोबरांत हाइन्रिख हायने हा गटिंगेनचा कायद्याचा विद्यार्थी हार्झ पर्वतांतील पायीं प्रवास आटोपून तेथें गेला. गटेला भेटल्यावर कोणते उदात्त विचार बोलून दाखवावयाचे याचा त्यानें हिंवाळ्याच्या कितीतरी रात्रीं विचार करून ठेवला होता. प्रत्यक्षांत त्या भव्य मूर्तीपुढें उभा राहिल्यावर त्याच्या तोंडून निघालें तें एवढेंच, कीं येना ते वायमार या रस्त्यावरचीं आलुबुखाराचीं फळें फार रुचकर लागतात! गटेनें स्मित केलें. हायनेनें ही फजिती पुढें स्वतःच मोठ्या खुमासदारपणें लिहिली. तो विनोदी लेखक असल्यामुळें तींत मीठमसाला किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण गटेच्या त्या दिवसाच्या रोजनिशींत गटिंगेनचा हायने एवढीच नोंद आहे. ज्या भेटीसाठीं एकानें रात्री जागून काढल्या, ती दुसऱ्याच्या रोजनिशींत दोन-तीन शब्दांत आटोपली.

त्याच दारानें सोळा महिने आधीं आणखी एक वाचक आंत गेला होता; तो मात्र जवळजवळ जन्मभर बाहेर पडला नाहीं. योहान पेटर एकरमन हा अत्यंत गरीब घरचा मुलगा. लहानपणीं त्यानें गाई राखल्या होत्या. मोठ्या कष्टानें तो शिकला, गटेच्या ग्रंथांवर लुब्ध झाला, आणि काव्याविषयींचें आपलें एक हस्तलिखित पुढें पाठवून १८२३ च्या उन्हाळ्यांत पायीं चालत वायमारला आला. १० जून रोजीं भेट झाली. तेव्हां गटेचें वय ७३, एकरमनचें ३०. गटेनें सकाळभर त्याचेंच लिखाण वाचीत बसल्याचें सांगितलें आणि तें छापविण्याची व्यवस्था करण्याचें आश्वासनही दिलें. कोणत्या तरुण वाचकाला याहून मोठें भाग्य लाभावें?

एकरमन राहिला. गटेच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८३२ च्या मार्चपर्यंत, तो त्याच्या सहवासांत होता. हस्तलिखितें लावणें, नव्या आवृत्तीची जुळणी करणें, हें काम तो करी, आणि घरीं परतल्यावर झालेलें संभाषण लिहून काढी. या कामाचा नियमित पगार त्याला नव्हता. पोटासाठीं तो इंग्रज तरुणांना शिकवी. इकडे योहान्ना नांवाची त्याची वाग्दत्त वधू दूर गांवीं वाट पाहत होती. पैशाची सोय झाली कीं लग्न करूं, असें वर्षामागून वर्ष चाललें; तें लग्न १८३१ सालीं झालें आणि १८३४ सालीं ती बाळंतपणांत वारली. एकरमनच्या संभाषणांचे पहिले दोन भाग १८३६ सालीं निघाले. नीत्शेसारख्या कडक परीक्षकानें पुढें त्या ग्रंथाला जर्मन भाषेंतील सर्वश्रेष्ठ पुस्तकाचा मान दिला. जगाला अमोल ग्रंथ मिळाला यांत संशय नाहीं. त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली, हा प्रश्न मात्र तो ग्रंथ वाचतांना योहान्नाची आठवण झाली म्हणजे मनांतून जात नाहीं. गटेनें एकरमनला राबविलें असा आरोप कित्येकांनीं केला आहे. परंतु त्याला दार उघडेंच होतें, आणि तें ओलांडून बाहेर जाण्याची त्याचीच इच्छा नव्हती, हेंही तितकेंच खरें आहे.

ग्रंथकार आणि वाचक दोघेही थोर असले म्हणजे भेट गोडच होते, असेंही नाहीं. डेन्मार्कचा हॅन्स अँडर्सन, ज्याच्या परीकथा मराठी मुलांच्याही ओळखीच्या आहेत, तो डिकन्सचा भक्त होता. १८४७ सालीं दोघांची लंडनांत भेट झाली. अँडर्सन परत जावयास निघाला तेव्हां डिकन्स त्याला निरोप देण्यासाठीं रॅम्सगेटच्या धक्क्यावर आला. बोट दूर जाईपर्यंत धक्क्यावर उभी असलेली ती आकृति अँडर्सनच्या मनांत दहा वर्षें राहिली.

१८५७ सालीं डिकन्सच्या निमंत्रणावरून तो केंट परगण्यांतील गॅड्सहिल येथील त्याच्या नव्या घरीं पाहुणा म्हणून गेला. आपला फारसा त्रास होणार नाहीं, असें त्यानें आधीं कळविलें होतें. ११ जूनला तो आला. १५ जुलैला गेला. आठपंधरा दिवसांचा मुक्काम पांच आठवड्यांचा झाला!

वेळही वाईट होती. अँडर्सन येण्यापूर्वीं तीनच दिवस डिकन्सचा स्नेही डग्लस जेरॉल्ड वारला होता, आणि त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठीं नाटकाचे प्रयोग उभे करण्यांत डिकन्स गढून गेला होता. घरांत पतिपत्नींचें मन एकमेकांपासून उडालें होतें. दुसऱ्याच वर्षीं ती विभक्त झालीं. यांतलें कांहींही पाहुण्याला ठाऊक नव्हतें. त्याचें इंग्रजी यथातथाच, त्यामुळें घरच्या मंडळींना तो काय बोलतो तें नीट कळेना. सकाळीं दाढी करून देण्यास घरांतील एखादा मुलगा पाठवावा, अशी त्याची अपेक्षा होती असें सांगतात. शेवटीं रॉचेस्टरच्या न्हाव्याकडे त्याची सोय करावी लागली. आपल्या पुस्तकावर एका इंग्रजी साप्ताहिकांत प्रतिकूल टीका आलेली पाहून तर हा बावन्न वर्षांचा गृहस्थ हिरवळीवर पालथा पडून रडला. तेव्हां डिकन्सनें त्याला जवळ घेऊन समजाविलें, आणि वाळूंत पायानें रेघा ओढून व लगेच पुसून, टीकेचें आयुष्य एवढेंच असतें, असें दाखविलें. ज्याला पाहुण्याचा कंटाळा आला होता त्याच यजमानानें हेंही केलें, हें विसरतां कामा नये.

अँडर्सन गेल्यावर डिकन्सनें त्याच्या खोलींतील आरशावर एक चिठ्ठी लावली. येथें अँडर्सन पांच आठवडे झोपला, पण घरच्यांना तीं युगें वाटलीं, असा तिचा मतलब होता. तिकडे अँडर्सन मायदेशीं त्याच दिवसांची आठवण सोन्यासारखी जपत होता. १८६० सालीं त्यानें या मुक्कामाची प्रेमळ हकीकत छापली. डिकन्सचीं पत्रें मात्र बंद झालीं होतीं. अँडर्सननें लिहिलें, ओळखीच्या लोकांच्या हातीं परिचयपत्रें दिलीं. उत्तर आलें नाहीं. १८७० च्या जूनमध्यें डिकन्सच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हां त्यानें रोजनिशींत टिपून ठेवलें, कीं आतां या जगांत भेट नाहीं, आणि आपल्या पत्रांना उत्तर कां आलें नाहीं याचा खुलासाही नाहीं. आपण काय चुकलों हें त्या सरळ मनाच्या माणसाला अखेरपर्यंत कळलें नाहीं, आणि कोणीं सांगितलेंही नाहीं. पाहुण्यास कंटाळणें हा अपराध नव्हे. पण एका ओळीचें उत्तर डिकन्सनें द्यावयास हवें होतें.

याच्या अगदीं उलट हकीकत मुंबईंत जन्मलेल्या एका वाचकाची आहे. जे. जे. कलाशाळेच्या आवारांत १८६५ सालीं जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८९ सालीं अलाहाबादच्या ‘पायोनियर’ पत्राचा बातमीदार म्हणून हिंदुस्थानांतून निघून ब्रह्मदेश व जपान करीत अमेरिकेंत पोंचला. वय तेवीस. हिंदुस्थानाविषयींचीं त्याचीं मतें येथील वाचकाला रुचण्यासारखीं नव्हतीं. तो विषय निराळा. येथें तो केवळ मार्क ट्वेनचा एक वेडा वाचक आहे. ट्वेन कोठें राहतो हें शोधीत तो न्यूयॉर्क संस्थानांतील एल्मायरा गांवीं उतरला. गांवच्या लोकांना पत्ता धड सांगतां येईना. टेकडीवरच्या घरीं गेला तों ट्वेन खालीं गांवांत नातलगांकडे गेल्याचें कळलें. पुन्हां उन्हांतून खालीं. आणि मग अंधारलेल्या दिवाणखान्यांत, मोठ्या खुर्चीवर, पिंगट मिशांचा, पांढुरक्या आयाळीचा तो माणूस, आणि त्याचा तो संथ आवाज.

किपलिंगला प्रथम तो वृद्ध वाटला; मिनिटभरांत केस पांढरे असणें हा केवळ एक अपघात आहे असें वाटूं लागलें. दोन तासांहून अधिक वेळ गप्पा झाल्या. ट्वेननें त्याला चिरूट दिले, ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यावर तो तावातावानें बोलला, आणि स्वतःला कथाकादंबऱ्या वाचण्याची गोडी नसून कोणत्याही विषयांतले आंकडे व माहिती, अगदीं मुळ्यांच्या लागवडीचीसुद्धां, आवडते, असें त्यानें सांगितलें. वाचकाला याहून मोठा धक्का कोणता देतां येईल? ट्वेनची कणसाच्या बोंडाची चिलीम लांबविण्याचा मोह आपल्याला झाला होता, अशी प्रांजळ कबुली किपलिंगनें दिली आहे.

मग टॉम सॉयरची गोष्ट निघाली. टॉम मोठा झाल्यावर त्याचें पुढें काय, त्या न्यायाधीशाच्या मुलीशीं त्याचें लग्न झालें काय, असें किपलिंगनें विचारलें. ट्वेन म्हणाला, कीं पुढचा भाग दोन प्रकारांनीं लिहावा असें मनांत आहे: एकांत टॉमला मोठ्या मानाला चढवावा, दुसऱ्यांत फांशीं द्यावा, वाचकानें हवा तो घ्यावा. हें ऐकतांच किपलिंगचा आदर क्षणभर बाजूला राहिला. त्यानें ठणकावून सांगितलें, कीं टॉम आतां तुमचा राहिलेला नाहीं, तो आमचा आहे. ट्वेन मोठ्यानें हंसला. नुकताच जो ग्रंथावरील लेखकाच्या हक्काविषयीं आवेशानें बोलला होता, त्याच्याच समोर एका अनोळखी पोरानें हा दुसरा हक्क मांडावा, आणि त्यानें तो हंसून ऐकून घ्यावा! कायद्यांत या हक्काला जागा नाहीं. वाचकांच्या मनांत तो नेहमींच असतो. टॉम नायक असलेल्या आणखी दोन गोष्टी ट्वेननें १८९४ व १८९६ सालीं प्रसिद्ध केल्या. त्यांत टॉमला ना मान मिळाला ना फांशी. तो पोरगाच राहिला.

किपलिंगचें नांव तेव्हां अमेरिकेंत कोणाला ठाऊक नव्हतें. तो आपलें कार्ड ठेवून गेला. ट्वेनच्या सूझी या मुलीला हिंदुस्थान म्हणजे अद्भुत देश वाटे. म्हणून तिनें तेथील पत्ता असलेलें तें कार्ड आपल्याजवळ जपून ठेवलें. वर्षभरानें एका स्नेह्यानें एक नवें पुस्तक आणून, या किपलिंगचें नांव ऐकलें आहे काय, असें विचारलें तेव्हां ट्वेननें नाहीं म्हणून सांगितलें. नंतर उलगडा झाला आणि सूझीचें कार्ड बाहेर निघालें. १८९६ च्या जानेवारींत व्याख्यानांच्या दौऱ्यावर ट्वेन मुंबईस आला, किपलिंगच्या जन्मगांवीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, तो इंग्लंडांत असतां, सूझी अमेरिकेंत वारली. ती चोवीस वर्षांची होती.

किपलिंग पुढें जगप्रसिद्ध झाला आणि मुलाखत मागणाऱ्या बातमीदारांना दारांतूनच वाटेस लावण्याविषयीं त्याची ख्याति झाली. एल्मायराच्या टेकडीवर स्वतः केलेली पायपीट त्याला अशा वेळीं आठवत असेल कीं नाहीं, कोण जाणे. २६ जून १९०७ रोजीं ऑक्सफर्ड विद्यापीठानें साहित्यांतील सन्माननीय पदव्या दिल्या. त्या समारंभांत तांबडा झगा घालून एकाहत्तर वर्षांचा मार्क ट्वेन उभा होता, आणि तसाच झगा घालून एकेचाळीस वर्षांचा किपलिंगही.