‘धग’ आणि ‘धग’नंतरचे उद्धव शेळके



छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविलेल्या माणसास वाङ्मयावर बोलावयास सांगितले, म्हणजे त्याची थोडी तारांबळ उडते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. समीक्षकांची परिभाषा मजपाशी नाही. परंतु एका पुस्तकाविषयी आणि त्याच्या कर्त्याविषयी माझ्या मनात बरीच वर्षे एक रुखरुख आहे, ती आज आपणांपुढे मांडावी म्हणून हा विषय मी आपण होऊन मागून घेतला.

ते पुस्तक म्हणजे उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी. ती 1960 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा शेळके जेमतेम तिशीचे होते. आपल्या नाशिककरांना दारिद्र्याचे दर्शन घडविणारा लेखक म्हटला की प्रथम बाबूराव बागुलांचे नाव आठवते, आणि ते योग्यच आहे. आपल्या विहितगावात जन्मलेल्या या लेखकाचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 चा. त्याच्या तीन वर्षे आधी तिकडे वऱ्हाडात शेळके यांनी एका शिंप्याच्या घरातील चूल मराठी वाचकापुढे आणून ठेविली होती.

कथा थोडक्यात सांगावयाची तर कौतिक नावाच्या एका बाईची. तिचा नवरा महादेव हा शिंपी. स्वभावाने ढिला, अंगावर जबाबदारी न घेणारा. एकत्र कुटुंबातून वेगळे होऊन स्वतःचा संसार उभा करावा, ही जिद्द कौतिकची. ती मोलमजुरी करते, मुले वाढविते. नामा या मुलाने शिकावे, ही तिची मोठी आशा. पुढे महादेवला कुष्ठरोग होतो. शेवट काय होतो ते मी सांगणार नाही. ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांचा हक्क मला हिरावून घ्यावयाचा नाही.

यात असामान्य असे काय आहे? गरिबीच्या कथा मराठीत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बऱ्याचशा वाचताना लेखक आपल्या शेजारी बसून रुमाल पुढे करीत आहे असे वाटते. शेळके तसे करीत नाहीत. निवेदन साध्या प्रमाण मराठीत चालते, आणि माणसे बोलू लागली की वऱ्हाडी बोलतात. आम्हां गोदाकाठच्या माणसांना ती बोली पहिल्या दहा-वीस पानांत अडखळविते. पुढे कान तयार होतो. कौतिकच्या मनात काय चालले आहे हे तिच्या हिशेबांवरून कळते. घरात काय आहे, किती आहे, कोणाच्या वाट्याला किती जाईल, कोणाला न कळता ते कसे निभवावे. ज्या घरात महिन्याचा शेवटचा आठवडा असा मोजून काढलेला असतो, त्या घरातील माणसाला या बाईचे मन समजावून सांगावे लागत नाही. मी अशाच घरात वाढलो. आईने आपण जेवल्याचे आम्हांस सांगितले आणि आम्ही ते खरे मानले, असे कितीतरी दिवस गेले.

आता एक दूरदेशचे उदाहरण देतो. त्याचा संबंध पुढे येईल. क्नूट हामसून या नॉर्वेजियन लेखकाची ‘भूक’ ही कादंबरी 1890 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील तरुणाला नाव नाही. क्रिस्तियानिया शहरात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, तो लिखाण विकून पोट भरू पाहतो आणि उपाशी फिरतो. लाकडाचा कपटा चघळतो. कोटाची बटणे कापून सावकाराकडे गहाण टाकावयास जातो. खाटकाकडे कुत्र्यासाठी म्हणून हाड मागतो आणि स्वतःच ते कुरतडतो. एके ठिकाणी तो अंगातील जाकीट गहाण टाकतो आणि आलेल्या पैशांतून एका पांगळ्या म्हाताऱ्याला काही देतो. म्हातारा त्याच्या गुडघ्यांकडे, फाटक्या विजारीकडे पाहतो आणि पैसे परत करू लागतो. तेव्हा हा तरुण संतापतो! उपाशी माणसाचा अभिमान इतक्या बारकाईने टिपलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

या हामसूनला 1920 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि पुढे त्याच माणसाने, आपला देश जर्मनांच्या टाचेखाली असताना, नाझींची बाजू घेतली. 1943 साली आपले नोबेल पदक त्याने गोबेल्सला भेट दिले. मे 1945 मध्ये हिटलर मेल्यावर त्याच्या स्तुतीचा मृत्युलेख लिहिला. युद्धानंतर न्यायालयाने त्याला जबर दंड केला. नॉर्वेतील वाचक आजही या प्रश्नापाशी अडतात. 2009 साली त्याच्या जन्माची दीडशे वर्षे सरकारी इतमामाने साजरी झाली, तेव्हाही मोठा वाद झाला.

शेळक्यांवरील आक्षेप फार निराळा. ‘धग’नंतर त्यांनी लेखणीवर संसार चालविला. त्यासाठी त्यांनी चटकदार, शृंगारिक, झरझर खपणाऱ्या कादंबऱ्या एकामागून एक लिहिल्या. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून त्या हातोहात जात. रसिक हळहळले, टीकाकारांनी नाके मुरडली. ‘धग’ लिहिणाऱ्या हातांनी हे लिहावे? 1992 साली ते वारले, तरी हा सूर थांबला नाही.

मीही नाक मुरडणाऱ्यांत होतो. शाळेच्या ग्रंथपेटीचे काम मजकडे असे. ‘धग’ मी आग्रहाने आणविली, आणि एका सहकाऱ्याने शेळक्यांची दुसरी एक कादंबरी भेट म्हणून दिली, तेव्हा ती सर्वांसमक्ष परत केली. वर म्हणालो, “विकलेली लेखणी मुलांच्या दारात नको.” मुलांच्या हाती ते पुस्तक न देणे योग्यच होते, आजही मी तेच करीन. पण वाक्य? ते बोलावयाचा मला अधिकार नव्हता.

कारण त्याच सुमारास, रात्री जेवणे झाल्यावर, मी एका प्रकाशकासाठी गाइडे लिहीत होतो. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, निबंध तयार. वर्गात ज्या गाइडांना मी मुलांच्या बुद्धीचे वैरी म्हणत असे, तीच. मुखपृष्ठावर नाव दुसऱ्या कोणाचे असे. पानामागे पैसे ठरलेले होते. त्या पैशांतून आईच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि थोरल्या मुलीची फी भरली गेली. हे घरात पत्नीखेरीज कोणास ठाऊक नव्हते. तिनेच त्या ग्रंथपेटीच्या प्रसंगानंतर मला विचारले, “त्या शेळक्यांच्या घरी चूल नव्हती का हो?” मी उत्तर दिले नाही, कंदिलाची काच पुसावी तसा चष्मा पुसत बसलो.

हामसूनने जे केले ते पोटासाठी केले नव्हते. तेव्हा तो कीर्तिमान होता, जमीनजुमला बाळगून होता. आणि त्याच्या शब्दांनी बळ कोणाला मिळाले हे उभ्या जगाने पाहिले. शेळक्यांनी दुखविले ते मुख्यतः स्वतःच्या नावाला. तरी आपण दोघांविषयी बोलताना तोच उसासा टाकतो, “मोठा लेखक, पण...” त्या ‘पण’मध्ये केवढे अंतर आहे! काही जण म्हणतात, ‘भूक’मधील एकाकी अहंकारातच पुढचा हामसून दिसतो. मला हे शहाणपण मागाहून सुचलेले वाटते. तो तरुण उपाशी आहे, एवढेच मला पुस्तकात दिसते.

आणि शेळक्यांविषयी एक गोष्ट विचारात घ्यावी. ज्याने कौतिकचा हिशेब इतका अचूक मांडला, त्याला स्वतःच्या घरचा हिशेब मांडता येत नव्हता, असे आपण का धरून चालावे? ‘धग’सारखे दुसरे पुस्तक लिहिण्यास किती वर्षे लागतील, तोवर घरात काय येईल, हे त्याने मोजले नसेल काय? मोजून त्याने जे ठरविले त्यामुळे मराठीचे नुकसान झाले, हे मी नाकारीत नाही. मात्र त्या वर्षांत त्याच्या घरचा किराणा भरावयास आपण रसिकांपैकी कोणी गेले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मी आपल्या सार्वजनिक वाचनालयातून ‘धग’ पुन्हा घरी आणली. 1840 सालापासून चालत आलेली ही संस्था. तेथील प्रत बरीच हाताळलेली निघाली. पत्नीला आता वाचवत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचतो. वऱ्हाडी संवाद माझ्या तोंडी फारसे शोभत नाहीत, त्यावर ती हसते. कौतिक नामाच्या शाळेविषयी बोलू लागली की मात्र हसत नाही.

पुस्तक परत करावयाच्या दिवशी मी कपाटाच्या तळातून माझे एक जुने गाइड बाहेर काढले. कागद पिवळा पडला आहे, मुखपृष्ठ निम्मे गेले आहे. जे उरले आहे त्यावर ते दुसऱ्याचे नाव अजून स्वच्छ वाचता येते.