अंतर्मनाची सावली आणि आश्रमाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



मत्सर, भय, हिंस्रता असे जे जे माणूस स्वतःत असूनही नाकारतो, त्याला कार्ल युंगने 'सावली' म्हटले. ती ओळखणे हा त्याच्या मते नैतिक प्रश्न होता. आज अनेक आध्यात्मिक समूहांत हीच ओळख शुल्क घेऊन करून दिली जाते. या व्यवहाराचे एक जुने रूप महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे.

१९७४ साली पुण्याच्या कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम उभा राहिला. कॅलिफोर्नियातील एसालेन संस्थेत वाढलेले गटोपचार तेथे आले आणि त्यांना गुरुशरणतेची जोड मिळाली. दडपलेला क्रोध मोकळा व्हावा म्हणून माणसे बंद खोलीत आक्रोश करीत, एकमेकांवर धावून जात, दुखापतीही होत. एसालेनचे एक संस्थापक रिचर्ड प्राइस १९७८ साली अशा गटात बसले आणि त्यातील हिंसा पाहून विषण्ण मनाने परतले. पुढच्याच वर्षी हिंसक प्रकार थांबविल्याचे आश्रमाने जाहीर केले. परंतु मूळ दोष हाणामारीहून खोल होता. रुग्णाला उपचार नाकारता येतो. येथे नकार हाच अहंकार ठरे. मग उपचार कोठे संपला आणि आघात कोठे सुरू झाला, हे ठरवायचे कोणी?

१९८१ नंतर अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये सुमारे ६४ हजार एकरांवर वसाहत झाली. तेथील अनुयायांच्या विनावेतन श्रमांना 'उपासना' म्हणत. (ही युक्ती आमच्या गिरणीमालकांना सुचली नाही, हे कामगारांचे भाग्यच!) १९८४ साली स्थानिक निवडणूक जिंकण्यासाठी वसाहतीतील काहींनी उपाहारगृहांच्या अन्नात जंतू मिसळले, ७५१ माणसे आजारी पडली. प्रत्येकाला आपली सावली पाहावयास लावणाऱ्या समूहात सत्तेची सावली पाहण्याची सोय नव्हती.

रजनीशांनी १९७० साली समाजवादावर झोड उठविली होती. म्हणून की काय, समाजवाद्यांनी हा विषय थट्टेवारी नेला. तेथे जाणाऱ्यांचे दुःख मात्र खोटे नव्हते, आणि पुष्कळांना बरेही वाटले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, उपचाराचा हक्क देणारा कायदा २०१७ चा. तरी तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ सहसा भेटत नाही. ती जागा बाबा आणि शिबिरवाले भरून काढतात. कर्जाने झोप उडालेल्या माणसाला तुझ्या आत डोकाव एवढेच सांगितले, की कर्ज देणाऱ्याकडे बोट दाखविण्याची गरजच उरत नाही.

आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचाराचा डॉक्टर कोणत्या दिवशी येतो, येतो तरी का, औषधे मिळतात का, याची चौकशी प्रत्येक शाखेने या महिन्यात करावी आणि उत्तर लेखी मागावे.