खुब्यातला दुहेरी गोळा

खुबा बदलायचा म्हटलं की पेशंट आधी विचारतात, "डॉक्टर, पुन्हा खाली बसता येईल ना?" या प्रश्नामागे आम्हा डॉक्टरांचीही एक धास्ती असते. खुबा फार वाकला आणि पाय आत वळला, की कृत्रिम सांधा निखळू शकतो.

खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा: वाटीत फिरणारा गोळा. इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी 1960च्या दशकात त्यासाठी जेमतेम 22 मिलिमीटरचा धातूचा गोळा वापरला. गोळा लहान, त्यामुळे घर्षण कमी आणि झीजही कमी. पण लहान गोळा वाटीतून चटकन बाहेर येतो. मोठ्या गोळ्याला काठ ओलांडायला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तो सहसा सुटत नाही.

फ्रान्समधल्या सेंत-एतियेनचे जिल बुस्के यांनी 1970च्या दशकात दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. लहान धातूचा गोळा मोठ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात निसटणार नाही, पण फिरेल असा बसवला, आणि तो मोठा गोळा धातूच्या गुळगुळीत वाटीत मोकळा ठेवला. एरवी आतला गोळा फिरतो. पाय जास्त वळला, की बाहेरचाही फिरू लागतो. यालाच आज 'ड्युअल मोबिलिटी' म्हणतात.

निखळणं खरोखरच कमी झालं. पण काही वर्षांनी एक नवंच दुखणं दिसू लागलं. लहान गोळ्याखालची धातूची मान प्लॅस्टिकच्या काठावर घासत राहिली, काठ झिजला आणि लहान गोळा मोठ्यातून निसटला. बाहेरचं निखळणं आत आलं! असा सांधा नुसता ओढून बसत नाही, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. शिवाय सुरुवातीच्या काही वाट्या हाडानं नीट धरल्या नाहीत आणि त्या सैल झाल्या.

पुढे मान गुळगुळीत झाली, प्लॅस्टिक सुधारलं, वाटीला हाड धरेल असा लेप आला. आता आतलं निखळणं क्वचितच दिसतं. तरी या सांध्यातल्या नव्या प्लॅस्टिकची वीस-पंचवीस वर्षांची परीक्षा अजून पुरी व्हायची आहे. म्हणून सत्तरीतल्या, कंपवात असलेल्या किंवा दुसऱ्यांदा खुबा बदलणाऱ्या पेशंटला हा सांधा आम्ही बिनदिक्कत सुचवतो. पन्नाशीच्या आतल्या, धावपळीच्या माणसाच्या बाबतीत मात्र दोनदा विचार करतो.

ज्यांनी खुबा बदलला आहे, त्यांनी सांध्याची माहिती असलेलं कार्ड जपून ठेवावं. आणि दुखत नसलं, तरी सांगितलेल्या वेळी एक्स-रे काढावा. गोळा वाटीच्या मध्यावरून सरकला असेल, तर ते तिथे दिसतं.